छोट्या रुळांवरील जुन्या जर्मन गाड्या: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जर्मनीतील ऐतिहासिक रेल्वेगाड्यांच्या लघुप्रतिकृती जमवणाऱ्या आणि चालवणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे साचली होती, म्हणून या अंकातील सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे संक्षेपाने दिली आहेत आणि एकाच आशयाच्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न: माझी भाची नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असते. दिवाळीला येताना ती माझ्यासाठी मॉडेल रेल्वेचा पहिला संच आणणार आहे आणि कोणत्या मापाचा आणू, असे विचारते आहे. घरात सहा फूट बाय चार फूट एवढे टेबल मावेल. मला वाफेच्या इंजिनांची आवड आहे. काय सांगू? — एक वाचक, नाशिक

उत्तर: भाचीला एचओ माप सांगावे. मात्र त्या मापात कोणती गाडी आणायची हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या टेबलाची चार फुटांची बाजू देणार आहे.

जर्मन दुकानांत प्रामुख्याने पाच मापे दिसतात. एचओ म्हणजे मूळ गाडीच्या १:८७. यात रुळांमधील अंतर १६.५ मिमी असते. टीटी १:१२० आणि १२ मिमी. पूर्व जर्मनीत घरे लहान असल्याने हे माप तेथे विशेष रुजले आणि आजही त्याचे निष्ठावंत चाहते त्याच भागात अधिक आहेत. एन १:१६० आणि ९ मिमी. हे न्युरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६०च्या दशकात लोकप्रिय केले. झेड १:२२० आणि ६.५ मिमी, हे मेर्क्लिन कंपनीने १९७२ मध्ये आणले. पाचवे एलजीबी हे ४५ मिमी रुळांचे, १९६८ पासूनचे, बागेत मांडण्याचे माप असून त्याचा आपल्या टेबलाशी संबंध नाही. वाफेच्या इंजिनाची खरी गंमत त्याच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या हालचालीत असते. ती एचओमध्ये चष्मा न लावता दिसते, एनमध्ये डोळे ताणावे लागतात, म्हणून वाफेच्या चाहत्याला मी एचओच सुचवतो.

आता टेबलाविषयी. एचओच्या संचांबरोबर येणारे आखूड वळण सामान्यतः ३६० मिमी त्रिज्येचे आणि त्याच्या बाहेरचे ४३७.५ मिमी त्रिज्येचे असते. चार फूट म्हणजे सुमारे १२२ सेंमी रुंदीत दुसरे वळण दोन्ही कडांना पंधरा सेंमीहून अधिक जागा सोडून आरामात बसते. अडचण रुळांची नसून गाडीच्या लांबीची आहे. ०१ जातीचे प्रसिद्ध एक्स्प्रेस इंजिन टेंडरसह (म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीसह) सुमारे २४ मीटर लांब होते, म्हणजे प्रतिकृती साडेसत्तावीस सेंमी भरते. युद्धोत्तर काळातील २६.४ मीटरचा प्रवासी डबा नेमक्या प्रमाणात केला तर तीस सेंमी होतो. असे पाच डबे आपल्या टेबलावर जोडले तर इंजिन शेवटच्या डब्याचा पाठलाग करताना दिसेल आणि वळणावर डब्यांची टोके रुळांबाहेर बेढब लटकतील. उत्पादक डबे थोडे आखूड करून विकतात ते याच कारणाने, परंतु त्याने रोग बरा होत नाही, केवळ लपतो.

म्हणून आडमार्गावरची गाडी निवडावी. जर्मनीत खेड्यापाड्यांना मुख्य मार्गाशी जोडणारे एकेरी फाटे असंख्य होते आणि त्यांच्यासाठी छोटी, टेंडर नसलेली टँक इंजिने मुद्दाम बांधली गेली. ६४ जातीचे इंजिन १९२८ ते १९४० या काळात पाचशेहून अधिक संख्येने बांधले गेले. त्याची प्रतिकृती चौदा सेंमींच्या आसपास असते. त्यामागे १९२०च्या दशकातील दोन आसांचे, दोन्ही टोकांना उघडे सज्जे असलेले लोखंडी डबे जोडावेत. त्यांना प्रवासी त्यांच्या खडखडाटामुळे डोनरब्यूक्से म्हणत आणि एचओमध्ये असा डबा सोळा सेंमींचा होतो. याहून लहान हवे असेल तर बव्हेरियातील ग्लासकास्टेन पाहावे. चारही बाजूंनी काचा असलेल्या खोलीसारखे दिसणारे हे इंजिन अवघे सात मीटर लांब होते, त्यात कोळसा अर्धस्वयंचलित पद्धतीने आगीत पडत असे आणि त्यामुळे एकटा चालक ते हाकू शकत असे. प्रतिकृती आठ सेंमींची, म्हणजे तळहातावर मावणारी. ती दोन डबे घेऊन आपल्या टेबलावरून निघाली तर टेबल मोठे वाटेल. ०१ निघाले तर तेच टेबल लहान वाटेल.

जर्मनीतील वीजपुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असल्यामुळे संचाबरोबरचा अडॅप्टर येथे चालतो, फक्त पिना आपल्या सॉकेटमध्ये नीट बसतात का ते पाहावे. खरेदीपूर्वी भाचीने दुकानात एक गोष्ट आवर्जून विचारावी: संच दोन रुळी पद्धतीचा आहे की मेर्क्लिनच्या मधल्या संपर्कबिंदूंच्या पद्धतीचा. या फरकाविषयी सांगलीच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न: माझ्याकडे राइनगोल्ड गाडीचे डबे, बव्हेरियाचे हिरवे एस ३/६ इंजिन, ०१ जातीचे काळे इंजिन आणि लाल-पिवळसर रंगाचे १०३ हे विजेचे इंजिन आहे. प्रत्येक खोक्यावर रोमन आकड्यात कालखंडाचा उल्लेख आहे. हे सारे एकाच मांडणीवर चालवले तर जाणकार हसतील का? — एक संग्राहक, पुणे

उत्तर: घर आपले, रूळ आपले, हसणाऱ्यांना हसू द्यावे. परंतु आपण विचारलेच आहे, तर आपल्या चार वस्तूंमध्ये निदान तीन वेगवेगळे जर्मनी आहेत हे सांगणे भाग आहे. ते तीन जर्मनी ओळखता येऊ लागले की या छंदाची गोडी कितीतरी वाढते, असे माझे मत आहे.

युरोपातील मॉडेल रेल्वे संघटनांच्या महासंघाने ठरवलेल्या मानकांत जर्मन रेल्वेचा इतिहास सहा कालखंडांत विभागला आहे. ढोबळमानाने पाहता, पहिला कालखंड १९२० पर्यंतचा, जेव्हा प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, बाडेन अशा राज्यांच्या स्वतंत्र रेल्वे होत्या. दुसरा १९२० नंतरचा, या साऱ्यांचे एकत्रीकरण होऊन झालेल्या डॉइचे राइखसबानचा. तिसरा १९४९ पासून सुमारे १९७० पर्यंतचा, पश्चिमेकडील डॉइचे बुंडेसबान आणि पूर्वेकडील राइखसबान यांचा. चौथा संगणकीय क्रमांकांचा, पाचवा जर्मनीच्या एकीकरणानंतरचा आणि सहावा २००७ पासूनचा. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी सरकारने आपल्या रेल्वेचे जुने 'राइखसबान' हे नाव बदलले नाही, कारण पश्चिम बर्लिनमधील रेल्वे चालवण्याचे तिचे अधिकार त्या नावाशी निगडित होते. त्यामुळे खोक्यावर राइखसबान दिसले म्हणजे गाडी युद्धपूर्व काळातीलच असते, असे समजू नये.

आता आपला संग्रह घेऊ. एस ३/६ हे म्युनिकच्या माफाई कारखान्याने १९०८ पासून बांधलेले, सहापैकी तीन आस चालित असलेले एक्स्प्रेस इंजिन. हिरवा रंग हा त्याचा बव्हेरियाच्या राज्य रेल्वेतील, म्हणजे पहिल्या कालखंडातील पोशाख आहे. राइनगोल्ड ही हॉलंडच्या किनाऱ्यावरील हूक व्हॅन हॉलंडपासून स्वित्झर्लंडच्या बाझेलपर्यंत जाणारी आलिशान गाडी मे १९२८ मध्ये सुरू झाली. तिचे डबे खाली जांभळे आणि वर साय-रंगाचे होते. तिला एस ३/६ जातीची इंजिने जोडली जात हे खरे, परंतु तोपर्यंत राइखसबानने इंजिनांचा रंग वरून काळा आणि चाकांकडे लाल असा ठरवला होता आणि या इंजिनांना १८ ने सुरू होणारे क्रमांक दिले होते. म्हणजे आपले हिरवे इंजिन आणि आपले जांभळे डबे एकमेकांना ओळखत असले तरी त्या कपड्यांत कधीच भेटले नाहीत. काळे, १८ क्रमांकाचे एस ३/६ मिळवलेत तर राइनगोल्डची जोडी जुळेल आणि हिरव्यासाठी बव्हेरियाच्या राज्य रेल्वेचे डबे शोधावे लागतील.

०१ बाबत आपण क्रमांक लिहिलेला नाही, तो पाहावा, आणि समोरचे दिवेही मोजावेत. ही इंजिने १९२६ पासून धावू लागली. समोर दोनच दिवे आणि धुराड्याच्या दोन्ही बाजूंना मोठे, भिंतीसारखे धूररोधक पत्रे असतील तर ते युद्धपूर्व काळाचे रूप आहे. तिसरा, वरचा दिवा आणि लहान आकाराचे पत्रे १९५०च्या दशकात बुंडेसबानवर रूढ झाले. कॅबवर, म्हणजे चालकाच्या खोलीवर, तीन आकडी '००१' असेल तर ते १९६८ नंतरचे, कारण त्या वर्षी बुंडेसबानने संगणकासाठी साऱ्या इंजिनांना नवे क्रमांक दिले. डब्यांचेही असेच वाचन करता येते: चौथा वर्ग १९२८ मध्ये आणि तिसरा १९५६ मध्ये बंद झाला, म्हणून दारावरील आकडा पाहिला तरी डब्याचे वय कळते.

१०३ ही २०० किमी वेगाची इंजिने १९७० पासून मोठ्या संख्येने आली, तर बुंडेसबानवर वाफेचा वापर १९७७ च्या ऑक्टोबरात संपला. तेव्हा ००१ आणि १०३ हे काही वर्षे समकालीन होते, पण त्यांना एका फलाटाला लावण्यापूर्वी स्थळाचाही विचार करावा. ०१ जातीच्या इंजिनांचा बुंडेसबानवरील शेवटचा गाजलेला मुक्काम उत्तर बव्हेरियातील होफ येथे होता. तेथून जवळच शिफे एबेने हा १:४० चढाचा, १८४८ मधील प्रसिद्ध घाट आहे आणि १९७३ पर्यंत ही इंजिने त्यावर धापा टाकत चढताना पाहण्यासाठी देशोदेशीचे छायाचित्रकार जमत. त्या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या, त्यामुळे १०३ तेथे पोहोचूच शकत नव्हते.

एस ३/६ आणि १०३ यांची गाठ मात्र अगदीच अशक्य नव्हती. १०३ चे पूर्वरूप असलेली 'ई ०३' क्रमांकाची चार नमुना-इंजिने १९६५ मध्ये बव्हेरियातच म्युनिक ते आउग्सबुर्ग या मार्गावर लोकांसमोर धावली आणि नवा बॉयलर बसवलेली शेवटची एस ३/६ इंजिने त्याच सुमारास सेवेतून गेली. आपल्या इंजिनावर 'ई ०३' लिहिलेले असेल तर ते तिसऱ्या कालखंडातील आहे. १०३ लिहिलेले असेल तर नाही. एका आकड्याने एवढा फरक पडतो.

माझी सूचना अशी की काहीही विकू नये, परंतु मांडणीसाठी एक साल आणि एक गाव पक्के करावे. उरलेली इंजिने काचेच्या कपाटात ठेवावीत आणि पाहुणे आले की, जाणकार नसतील तर, खुशाल सारी एकत्र पळवावीत.

प्रश्न: माझे काका १९६०च्या दशकात पश्चिम जर्मनीत होते. त्यांच्या पश्चात मेर्क्लिनची एक पेटी मिळाली: पत्र्याचे रूळ, निळा ट्रान्सफॉर्मर आणि ८९ ००५ क्रमांकाचे लहान काळे इंजिन. रुळांच्या मधोमध बारीक ठिपक्यांसारखे खिळे आहेत. हे सुरू करून पाहू का? नवे इंजिन आणले तर यावर चालेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर: लगेच सुरू करू नये. आधी ट्रान्सफॉर्मर एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनला दाखवावा. एवढ्या वर्षांत वायरीचे रबरी किंवा प्लास्टिकचे आवरण कडक होऊन तडकते आणि पत्र्याच्या आवरणात वीज उतरण्याचा धोका असतो. लहान मुले असतील त्या घरात तर हा विषय गांभीर्यानेच घ्यावा. दुसरे असे की हे ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी बनवलेले होते आणि आपल्याकडे घरात २३० किंवा त्याहून थोडे अधिकच व्होल्ट येतात, त्यामुळे बाहेर पडणारा दाबही वाढतो. जुने इंजिन ते सहन करते. परंतु या पद्धतीत इंजिनाची दिशा बदलण्यासाठी सुमारे २४ व्होल्टचा क्षणिक झटका दिला जातो आणि वाढलेला हा झटका आजच्या डिजिटल इंजिनांतील इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकतो. म्हणून नवे मेर्क्लिन इंजिन घेतलेत तर त्यासाठी नवाच वीजपुरवठा घ्यावा.

मधले खिळे हे संपर्कबिंदू आहेत. मेर्क्लिनच्या पद्धतीत विजेचे एक टोक या बिंदूंना आणि दुसरे दोन्ही रुळांना असते. इंजिनाच्या पोटाखालची लांब पट्टी बिंदूंवरून घसरत वीज घेते. इतर बहुतेक कंपन्यांच्या पद्धतीत डावा रूळ एक टोक आणि उजवा दुसरे, त्यामुळे त्यांची चाके आसापासून विद्युतदृष्ट्या विलग केलेली असतात. म्हणून दोन रुळी पद्धतीचे इंजिन आपल्या रुळांवर चालणार नाही आणि आपले इंजिन त्यांच्या रुळांवर ठेवले तर शॉर्ट सर्किट होईल. अनेक कंपन्या एकच इंजिन दोन्ही रूपांत विकतात, खरेदी करताना तेवढे पाहावे. मेर्क्लिनच्या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे: गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर उलट दिशेने परत आणली तरी वायरिंगचा गोंधळ होत नाही, कारण दोन्ही रूळ सारखेच असतात.

इंजिनाविषयी थोडे. मूळ ८९.० जातीची इंजिने १९३०च्या दशकात अवघी दहाच बांधली गेली. स्थानकात डबे इकडून तिकडे करणारी ती साधी कामकरी इंजिने होती आणि जर्मनीतही ती फारशा कोणाला आठवली नसती. परंतु मेर्क्लिनने त्यांतील ००५ ला आपल्या यादीत ३००० हा क्रमांक देऊन अनेक दशके विकले, त्यामुळे खऱ्या रुळांवर जवळजवळ न दिसलेले हे इंजिन पश्चिम जर्मनीतील असंख्य घरांत पोहोचले. आपल्या काकांनी नेमके हेच घेतले यात नवल नाही.

ते सुरू करण्यापूर्वी आतील घट्ट झालेले जुने तेल आणि वंगण काढून टाकावे, मोटारीचे कार्बन ब्रश पाहावेत आणि प्रत्येक आसाला सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब द्यावा. अधिक तेल म्हणजे अधिक धूळ. पत्र्याच्या रुळांना पावसाळ्यात गंज धरतो. गंज पॉलिश पेपरने खरवडण्याचा मोह टाळावा, कारण एकदा वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो. सुती कापडाला थोडे स्पिरिट लावून पुसावे आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पेटीत युद्धपूर्व काळातील एखादा भाग निघाला आणि त्याच्या जस्ताच्या ओतीव अंगाला केसासारख्या भेगा दिसल्या तर त्याला हात कमी लावावा. अशुद्ध मिश्रधातूमुळे होणारी ही झीज थांबवता येत नाही.

प्रश्न: मी नववीत आहे. माझी एचओ गाडी खूप वेगात पळते, पण ती खऱ्या गाडीच्या मानाने बरोबर आहे का, हे कसे काढायचे? सर्वांत वेगवान जुनी जर्मन गाडी कोणती? आणि 'क्रोकोडिल' हे इंजिन जर्मन होते का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: गणित सोपे आहे. रुळाच्या कडेला बरोबर एक मीटर अंतरावर दोन खुणा कर. ३१३ ला खऱ्या गाडीच्या ताशी किलोमीटरमधील वेगाने भागले की त्या गाडीच्या एचओ प्रतिकृतीने एक मीटर किती सेकंदांत कापावा हे मिळते. (ताशी किमीचे प्रतिसेकंद मीटर करण्यासाठी ३.६ ने भागायचे आणि मग ८७ ने, ३.६ गुणिले ८७ म्हणजे सुमारे ३१३.) आडमार्गावरच्या ६४ इंजिनाचा कमाल वेग ९० होता, म्हणजे जवळजवळ साडेतीन सेकंद. मोबाइलवर वेळ लावून पाहिलास तर तुझी गाडी बहुधा एका सेकंदात मीटर पार करते असे दिसेल, म्हणजे ती ताशी ३१३ किमी वेगाने चालली आहे! बहुतेकांच्या गाड्या अशाच पळतात. गती कमी केली की इंजिन आपोआप जड आणि खरे वाटू लागते.

वेगवान गाड्यांपैकी तीन लक्षात ठेव. 'फ्लिगेंडर हाम्बुर्गर' ही दोन डब्यांची डिझेल गाडी मे १९३३ पासून बर्लिन ते हॅम्बर्ग हे सुमारे २८६ किमी अंतर १३८ मिनिटांत कापत असे, कमाल वेग १६०. तुझ्या रुळांवर दोन सेकंदांना एक मीटर. ०५ ००२ या वाफेच्या इंजिनाने ११ मे १९३६ रोजी २००.४ किमीचा विक्रम केला, जो दोन वर्षांनी इंग्लंडच्या मॅलर्डने मोडला. आणि या दोन्हींच्या आधी, २१ जून १९३१ रोजी, फ्रान्त्स क्रुकेनबर्ग यांच्या 'शीनेनत्सेपेलिन'ने २३०.२ किमी गाठले होते. त्याला मागे विमानासारखा पंखा होता. तो उघडा पंखा फलाटावरील माणसांच्या इतक्या जवळून फिरणे धोक्याचे होते आणि त्याला इतर डबे जोडणेही अवघड होते, म्हणून तो एकुलता एक नमुनाच राहिला. प्रतिकृती मात्र फार देखणी दिसते.

क्रोकोडिल (म्हणजे मगर) मूळचे स्विस. गोट्टहार्डच्या चढावर मालगाड्या ओढण्यासाठी १९१९ पासून बांधलेल्या या इंजिनाला मध्ये खोली आणि दोन्ही बाजूंना हलणारी लांब नाके होती. त्याच्या मेर्क्लिनने केलेल्या प्रतिकृती इतक्या गाजल्या की ते जर्मनच आहे असे अनेकांना वाटते. जर्मनीत ई ९४ या १९४० पासूनच्या मालगाडीच्या इंजिनालाही तेच टोपणनाव मिळाले. त्या स्विस इंजिनाचा एक सख्खा भाऊ आपल्याकडे होता: जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १९२०च्या दशकाच्या अखेरीस घाटांसाठी आणलेली डब्ल्यूसीजी-१ इंजिने. त्यातली पहिली स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची आणि बाकीची इंग्लंडची होती. आपले रेल्वे कर्मचारी त्यांना 'खेकडा' म्हणत.

प्रश्न: मला १९३०च्या दशकातील राइखसबानचे शहरी स्थानक उभारायचे आहे. त्या काळच्या छायाचित्रांत इमारतींवर आणि काही गाड्यांवर नाझी राजवटीची चिन्हे दिसतात. विकत मिळणाऱ्या प्रतिकृतींवर ती नसतात. अचूकतेसाठी मी ती स्वतः रंगवावीत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: रंगवू नयेत. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार ही चिन्हे सार्वजनिकरीत्या वापरणे गुन्हा आहे. कला, संशोधन, शिक्षण यांसाठी अपवाद आहेत, परंतु खेळणी आणि प्रतिकृती बनवणारे उत्पादक त्या वाटेला जात नाहीत. आपल्याकडे हा कायदा लागू नाही हे मान्य. तरीही माझे उत्तर तेच राहील आणि त्याचे कारण कायद्यापलीकडचे आहे.

राइखसबान ही त्या राजवटीची केवळ साक्षीदार नव्हती. युरोपभरातील ज्यू लोकांना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या तिने वेळापत्रक आखून चालवल्या आणि त्यांचे माणशी भाडे आकारले. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकातून १८ ऑक्टोबर १९४१ पासून अशा गाड्या सुटू लागल्या. तेथील १७ क्रमांकाच्या रुळाशी आजच्या जर्मन रेल्वेने १९९८ मध्ये स्मारक केले असून फलाटाच्या कडेने बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर प्रत्येक गाडीची तारीख, माणसांची संख्या आणि गंतव्य कोरलेले आहे. ही माहिती असलेल्या माणसाला शोभेसाठी ते झेंडे लावता येणार नाहीत, असे मला वाटते. आणि झेंडे न लावता १९३८ सालचे आनंदी, गजबजलेले शहरी स्थानक उभारणे हीसुद्धा एक प्रकारची लपवाछपवीच आहे.

यातून सुटण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे साल बदलणे. १९२८ ते १९३२ हा काळ निवडावा. राइनगोल्ड, काळी एस ३/६, नवी कोरी ०१ आणि ६४, डोनरब्यूक्से डबे, शीनेनत्सेपेलिनची चाचणी, हे सारे त्या चार-पाच वर्षांत आहे, तेव्हा प्रतिकृतींच्या दृष्टीने आपण फारसे काही गमावत नाही. ५२ जातीचे युद्धकालीन इंजिन आवडत असेल तर ते तिसऱ्या कालखंडातील घ्यावे. १९४२ पासून सहा हजारांहून अधिक संख्येने बांधलेली ही इंजिने युद्धानंतर दोन्ही जर्मनींत आणि इतर अनेक देशांत वर्षानुवर्षे कोळसा, बटाटे आणि प्रवासी वाहत होती.

प्रश्न: जूनमध्ये जर्मनीला जात आहोत. या विषयासाठी एकच दिवस हाताशी आहे. कोठे जावे? — एक दांपत्य, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: लहान मुले बरोबर असतील तर हॅम्बर्गच्या जुन्या गोदामांच्या भागातील मिनिआटूर वुंडरलँड पाहावे. २००१ पासून वाढत गेलेली ही एचओ मांडणी जगातील सर्वांत मोठी मानली जाते. तिकीट आधी काढावे. मात्र तेथील गाड्या मुख्यतः आजच्या आहेत. इतिहासासाठी जायचे असेल तर न्युरेंबर्गचे रेल्वे संग्रहालय निवडावे. जर्मनीतील पहिली वाफेची प्रवासी गाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी याच शहरातून सुमारे सहा किमीवरील फ्यूर्थला गेली. तिचे 'आडलर' हे इंजिन इंग्लंडमधील स्टीफन्सन यांच्या कारखान्याचे आणि चालक विल्यम विल्सनही इंग्रज होता. मूळ इंजिन शिल्लक नाही. शताब्दीसाठी १९३५ मध्ये केलेली चालती प्रतिकृती २००५ च्या आगीत जळाली आणि पुन्हा उभी केली गेली. प्रवासाआधी पुण्यात कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिले नसेल तर ते अवश्य पाहावे. सिग्नल, सांधे आणि रस्ते यांसह चालणारी संपूर्ण नगरी तेथे पाहता येते.

प्रश्न: मला जुन्या जर्मन गाड्यांचे वेड आहे आणि घरचे म्हणतात, आपल्याकडचे काहीतरी कर. दोन्ही साधेल असा विषय आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आपल्याला लोकलने तासाभरात पोहोचता येईल तेथेच तो आहे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली, १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान रेल्वे ज्या वाफेच्या इंजिनांवर चालू लागली, ती बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीने बांधलेली होती. ही कंपनी शेतमळे, खाणी आणि छावण्या यांसाठी अरुंद मापाची रेल्वे जगभर पुरवत असे. माथेरानच्या इंजिनांत क्लीन आणि लिंडनर या सॅक्सनीच्या रेल्वेतील दोन अभियंत्यांची रचना वापरली होती: टोकाच्या चाकांचे आस पोकळ असून ते आतील आसावर थोडे फिरू आणि सरकू शकत, त्यामुळे सहाही चाके चालित असूनही इंजिन घाटाच्या अवघड वळणांवर अडकत नसे. (एक्स्प्रेस गाड्यांचे एलएचबी डबेही मूळचे जर्मनच, २०२२ पासून डेक्कन क्वीनला तेच आहेत. पण त्यांची प्रतिकृती करण्यात मला तितकी मजा दिसत नाही.)

माथेरानचे रूळ ६१० मिमी अंतराचे आहेत. ८७ ने भागले की सात मिमी होतात, म्हणून एचओ प्रमाणात झेड मापाचे ६.५ मिमीचे रूळ वापरता येतात. जर्मनीत शेतमळ्यांच्या रेल्वेसाठी हीच पद्धत प्रचलित आहे आणि बुश कंपनीच्या अशा गाड्या तयार मिळतात. रूळ, चाके आणि मोटार तेथून घ्यावी. इंजिनाचे आणि डब्यांचे अंग पितळी पत्रा किंवा प्लास्टिकची शीट कापून स्वतः करावे लागेल. नेरळला जाऊन भरपूर छायाचित्रे काढावीत आणि मोजमापाच्या पट्टीसह काढावीत. पोकळ आसांची रचना एवढ्या लहान मापात करण्याच्या फंदात पडू नये. मधली चाके घट्ट ठेवून टोकाच्या दोन्ही आसांना अर्ध्या मिलिमीटरची बाजूची ढील दिली तरी पुरते. मूळ मार्गाचा सर्वांत कठीण चढ १:२० आहे, म्हणजे प्रत्येक मीटरला पाच सेंमी. इतके हलके इंजिन तो चढेल का, हे डोंगर आणि बोगदे बांधण्यापूर्वी एका फळीवर रूळ ठोकून, दोन डबे जोडून तपासावे. चढले नाही तर बॉयलरच्या पोकळीत शिशाचे तुकडे भरावेत, किंवा चढ १:३० करावा.